साळुंकेदाजी आणि सरळ रेघ

"किती वाजले?"

साळुंकेदाजींनी मला विचारलेला पहिला प्रश्न हाच. मी घड्याळ पाहून साडेअकरा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि तोच प्रश्न पलीकडच्या टेबलावरच्या फार्मासिस्टला विचारला. तो म्हणाला, "ग्यारह पैंतीस." मग दारातल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "साढ़े ग्यारह में दो कम." दाजींच्या मनगटावर स्वतःचं घड्याळ होतं. ते त्यांनी सर्वांत शेवटी पाहिलं आणि फ्रीजच्या दारावर टांगलेल्या तक्त्यात 'साडेअकरा' असं लिहिलं. मी पाहत राहिले आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"तीन माणसं तीन वेगवेगळ्या वेळा सांगतात, बेटा. मधली धरायची. एकाच्याच भरोशावर राहिलं की फसलं."

ही धारच्या लशींच्या कोठारातली गोष्ट. दिगंबर साळुंके तिथले फ्रीज दुरुस्त करणारे मेकॅनिक. जिल्ह्यातल्या लहान मुलांना टोचायच्या लशी आधी या कोठारात येतात आणि मग पेट्यांमधून गावोगाव जातात. त्या वाटेवर त्यांचं तापमान दोन ते आठ अंशांमध्ये राहिलं पाहिजे. हे राहतं की नाही, ते पाहण्यात दाजींची नोकरीची बहुतेक सगळी वर्षं गेली होती. माळव्यात वडीलधाऱ्या माणसाला दाजी म्हणतात, म्हणून सगळं कोठार त्यांना दाजी म्हणे. त्यांचे पूर्वज दरबाराच्या पागेत घोड्यांना नाल मारायला दक्षिणेतून आले होते. घरात ते नणंदेला 'वन्सं' म्हणणारं जुनं मराठी बोलत, फ्रीजशी हिंदीत बोलत, आणि शिवी द्यायची झाली तर माळवीत देत. उंची बेताची, शर्टाच्या खिशात काचेचा थर्मामीटर, आणि डोळे समोरच्यावर ठेवण्याऐवजी त्याच्या हातांवर ठेवण्याची सवय.

मी देवासची. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनियर होते. कंपनीनं लशीची नवी पेटी तयार केली होती. पेटीच्या भिंतींत सरकवायच्या पट्ट्यांमध्ये बर्फाऐवजी मेणासारखं एक द्रव्य होतं. ते पाच अंशांच्या आसपास वितळायचं आणि वितळता वितळता आतली थंडी धरून ठेवायचं. त्या द्रव्याचं पेटंट होतं. झाकणात एक छोटं यंत्र होतं. ते तापमान मोजून मोबाइलच्या नेटवर्कवरून देवासच्या आमच्या पडद्यावर पाठवायचं. त्याचंही पेटंट होतं. पेटीच्या रचनेचा अर्ज तेव्हा चालू होता. धारमध्ये तिची चाचणी करायची होती, आणि यंत्रावर लक्ष ठेवायला मला पाठवलं होतं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहानं दाजींना समजावून सांगितलं. त्यांनी पेटीवरचं 'पेटंट' लिहिलेलं चकचकीत लेबल अंगठ्यानं घासून पाहिलं.

"पेटंट म्हणजे दुसऱ्यानं असं करायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पण तपासायला तर मनाई नाही ना?"

मी हसले. ते हसले नाहीत. आमच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की पट्ट्या डीप फ्रीजरमधून काढून सरळ पेटीत घालाव्यात, वेळ वाचतो. दाजींना तेच खटकलं. बर्फाची पट्टी बाहेर काढली की ते ती टेबलावर ठेवून देत. तिला घाम फुटेपर्यंत थांबत. मग कानाशी धरून हलवत. आत पाण्याचा आवाज आला तरच ती पेटीत जाई, कारण फ्रीजरमधली कडक पट्टी लशीला टेकली तर लस गोठते, आणि काही लशी एकदा गोठल्या की वाया जातात. मी सांगितलं की हे द्रव्य वेगळं आहे, ते पाच अंशांवरच काम करतं.

"असेल," दाजी म्हणाले. "पण फ्रीजर उणे वीसवर आहे. त्यातून निघालेली चीज आधी उणे वीसचीच असणार. पेटंट कागदावर असतं, बेटा. थंडीला वाचता येत नाही."

मी हे बोलणं डायरीत लिहून घेतलं, ते गंमत म्हणून.

चाचणी सुरू झाली. दाजी पेट्या जीपमध्ये घालून गंधवानी गावच्या आरोग्य केंद्राकडे नेत, मी देवासला पडद्यासमोर बसे. पडद्यावर हिरवी रेघ पाचच्या जवळून सरळ जायची. आमचे साहेब ती रेघ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. पण दोन गोष्टी खटकू लागल्या. झाकण किती वेळा उघडलं हे यंत्र मोजत असे. धारहून बंद करून निघालेली पेटी आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत तो आकडा शून्य असायला हवा होता. दाजींच्या प्रत्येक खेपेत तो एक असायचा. आणि दुसरं म्हणजे, द्रव्याची एक पट्टी नाहीशी झाली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. द्रव्यात काय काय आहे हे जाणून घ्यायला बाजारातले दुसरे लोक टपले आहेत, असं ते म्हणाले. "तो म्हातारा दिसतो तेवढा साधा नाही. तू त्याच्यासोबत जा. बघ आणि लिहून दे."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण खरं सांगायचं तर मला ते पटलं. जो माणूस कुणावरच विश्वास ठेवत नाही, त्याच्याच मनात काहीतरी असणार, असा माझा हिशेब होता.

पुढच्या खेपेला मी जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसले. मी का आले हे त्यांनी विचारलं नाही. मनावर गावाच्या बाजूला पठार संपून रस्ता घाटात उतरू लागला तसं माझ्या मोबाइलचं नेटवर्क गेलं. एका हातपंपाजवळ दाजींनी जीप थांबवायला लावली. मागे गेले, पेटी खाली घेतली आणि झाकण उघडलं. त्यांचा हात आत गेला. मी मोबाइल काढून फोटो घेतला.

त्यांना आवाज ऐकू आला. ते वळले, पण दचकले नाहीत.

"काढ, काढ. पण थर्मामीटरचाही काढ."

त्यांनी लशीच्या बाटल्यांच्या कडेला खोचलेला काचेचा थर्मामीटर बाहेर काढून माझ्यापुढे धरला. ऊन काचेवर चमकत होतं. मी पुढे होऊन तो वाचायला हवा होता. मी म्हटलं, "दाजी, पेटी उघडायची परवानगी नाही," आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

त्यांनी झाकण लावलं, पट्टा आवळला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चलो भिया, मॅडम को देर हो रही है." एरवी ते मला बेटा म्हणत. त्या दिवशी मी मॅडम झाले.

मी अहवाल लिहिला. 'अनधिकृत हाताळणी' असा शब्द वापरला. फोटो जोडला. फोटोत पेटीत हात घातलेले दाजी होते, थर्मामीटर नव्हता. कंपनीच्या विनंतीवरून दाजींना या पेट्यांपासून दूर केलं गेलं. त्यांना मागच्या खोलीतले बंद पडलेले फ्रीज दुरुस्त करायला बसवलं. झाकणाचा आकडा शून्यावर आला. साहेब खूश झाले.

काही आठवड्यांनी मला दाजींचा फोन आला. "धारला ये. कोठारात. एकटी ये असं नाही म्हणत, कुणाला आणायचं तर आण." मला वाटलं, भांडायला बोलावतात. तरी गेले.

मागच्या खोलीत टेबलावर ती हरवलेली पट्टी होती. माझी नजर तिच्यावर गेली हे पाहून त्यांनी कोठाराची वही माझ्यापुढे सरकवली. 'तपासणीसाठी एक पट्टी घेतली' असं तारखेसह लिहून त्यांनी सही केली होती. ती वही आमच्यापैकी कुणीही उघडून पाहिली नव्हती.

"मला का बोलावलंत?" मी विचारलं.

"फोटो तू काढलास. ज्यानं अर्धं पाहिलं, त्यालाच बाकीचं दाखवायला पाहिजे."

फार्मासिस्ट तीन बाटल्या घेऊन आला. तिन्ही एकाच लशीच्या, एकाच बॅचच्या. एक कोठाराच्या फ्रीजमधून कधीच बाहेर न गेलेली. दुसरी दाजींनी मुद्दाम, फार्मासिस्टकडून लेखी परवानगी घेऊन, फ्रीजरमध्ये गोठवलेली आणि मग वितळू दिलेली. तिसरी आमच्या पेटीतून गंधवानीला जाऊन, न वापरता परत आलेली. बाटलीवर एक लहानसा चौकोन असतो. लस तापली तर तो काळवंडतो. पण गोठली तर त्यावर काहीच उमटत नाही. म्हणून जुने लोक बाटली हलवून पाहतात. गोठलेल्या लशीतले कण जड होतात आणि भराभर तळाशी बसतात. चांगली लस बराच वेळ दुधासारखी पांढुरकी राहते.

दाजींनी तिन्ही बाटल्या एका मुठीत धरून हलवल्या आणि टेबलावर ओळीनं ठेवल्या.

"आता बोलायचं नाही. पाहायचं."

आम्ही तिघं पाहत बसलो. बाहेर कुणीतरी बादली आपटली. पहिली बाटली पांढुरकीच होती. दुसरी वरून निवळू लागली. आणि तिसरी, माझी, दुसरीच्या मागोमाग तशीच निवळत गेली. दोघींच्या तळाशी सारखाच गाळ बसला.

"आता तुझी रेघ दाखव," दाजी म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. त्या खेपेची हिरवी रेघ पाचजवळून सरळ गेली होती. दाजींनी तिच्यावर बोट ठेवलं.

"धारहून गंधवानीपर्यंत खड्डे आहेत, घाट आहे, ऊन आहे. धडधाकट माणसाच्या अंगाचं तापमानही दिवसभर इतकं सरळ राहत नाही. यंत्र खोटं बोलत नाही, मान्य. पण त्याला बोलायला कुणी शिकवलं?"

त्या क्षणी मला आठवलं. आठवलं असं म्हणणंही खोटंच, मी ते विसरले नव्हतेच. नेटवर्क नसेल तेव्हा यंत्रानं आकडे साठवून ठेवायचे होते. पहिल्या यंत्रांत ती साठवण नीट चालत नव्हती. पडद्यावरची रेघ मध्येच तुटायची आणि पाहुण्यांसमोर ती बरी दिसायची नाही. साहेब म्हणाले होते, तात्पुरतं काहीतरी कर. मी चार ओळी लिहिल्या होत्या. नेटवर्क जाण्याआधीचा आकडा आणि आल्यानंतरचा आकडा घ्यायचा आणि मधली रिकामी जागा त्यांवरून भरून काढायची. म्हणजे घाट सुरू झाला की पेटी काय सोसते हे आम्हाला ठाऊकच नसायचं, आणि आम्ही तिथे हिरवी रेघ ओढायचो. शिवाय यंत्र होतं झाकणात आणि कडक थंड पट्ट्या होत्या भिंतीत. सुरुवातीच्या वेळात भिंतीला टेकलेल्या बाटल्या गोठत होत्या आणि झाकणाला त्याचा पत्ता नव्हता.

"दाजी," मी म्हटलं, "ती रेघ मी ओढली आहे."

मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "हां. आता पाणी पी. मग लिहायला बस."

मी दुसरा अहवाल तिथेच, त्या मोडक्या फ्रीजांच्या खोलीत बसून लिहिला. प्रत्येक वाक्यावर दाजी विचारत, "हे तू पाहिलंस की ऐकलंस?" ऐकलेलं असेल तर खोडायला लावत. पहिला अहवाल चुकीचा होता हेही मी त्यात लिहिलं. ते वाक्य त्यांनी मागितलं नव्हतं. चाचणी थांबली. ज्या मुलांना त्या पेट्यांमधली लस दिली गेली होती, त्यांना पुन्हा टोचायचं ठरलं. दाजींनी यादी हातात घेतली आणि मला म्हणाले, "तूही चल. तोंड दाखव."

गंधवानीच्या पलीकडच्या एका फळियात, म्हणजे भिल्लांच्या विखुरलेल्या घरांच्या वस्तीत, आम्ही गेलो. सोबत तिथली नर्स होती. एक बाई लेकराला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग नर्सकडे न पाहता दाजींना विचारलं, "पहली सुई खराब थी, तो ये वाली अच्छी है, ये कौन बोलेगा?"

नर्स तिला समजवायला पुढे झाली. दाजींनी तिला हातानं थांबवलं. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. सगळी नोकरी ते ज्या प्रश्नाची वाट पाहत होते, तो कुणीतरी त्यांना विचारला होता.

"सही पूछा, बाई. पूछना ही चाहिए. मैं बोलूँगा तो भी मत मान."

ते तिथेच ओट्यावर बसले. एक खराब बाटली आणि एक चांगली बाटली तिच्या हातात दिली. बाईनं लेकराला माझ्याकडे दिलं आणि दोन्ही बाटल्या हलवून ओट्यावर ठेवल्या. शेजारच्या बायका गोळा झाल्या. आम्ही वाट पाहिली. लेकरू माझी ओढणी चोखत होतं. एका बाटलीत गाळ बसला तसा बायकांमध्ये कुजबुजाट झाला. त्या बाईनं चांगल्या बाटलीकडे बोट दाखवलं, "इसमें से दो," आणि मग माझ्याकडून पोर परत घेतलं. दुपारपर्यंत त्या फळियातली सगळी मुलं टोचून झाली. परतताना जीपमध्ये दाजी म्हणाले, "त्या बाईला आपल्या कोठारात नोकरी द्यायला पाहिजे." धार जवळ आल्यावर म्हणाले, "बेटा, उद्या लवकर ये." मी पुन्हा बेटा झाले होते, आणि ते कळल्यावर मला खिडकीबाहेर पाहावं लागलं.

कंपनीनं पेटी सुधारली. पट्टी आणि बाटल्यांच्या मध्ये जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक थर आला आणि यंत्र झाकणातून भिंतीपाशी गेलं. नेटवर्क नसेल तिथे रेघ तुटलेली दिसू लागली. नमद्याची कल्पना दाजींची होती. पागेतली माणसं खोगिराखाली घालतात तो नमदा, त्याचा एक जुना तुकडा त्यांच्या घरात पडला होता. त्याच्यावरच त्यांनी प्रयोग केले होते. पेटंटच्या नव्या अर्जावर शोधक म्हणून माझं नाव घालून साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर 'खरा आणि पहिला शोधक' असे शब्द होते. मी दाजींचं नाव लिहिलं. साहेबांनी ते खोडलं. मी सही केली नाही आणि थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडली.

हे मी दाजींना सांगितलं तेव्हा ते स्वतःच्या घरचा कूलर उघडून बसले होते.

"नवीन पेटीत लस शाबूत राहते ना?"

"राहते."

"कुणी तपासलं?"

"मी."

"आणि तुला कुणी तपासलं?"

मी नोकरी सोडली याबद्दल शाबासकी मिळेल असं मला वाटलं होतं. त्यांनी पाना मागितला.

दाजी निवृत्त झाले. मी इंदूरला दुसरी नोकरी धरली. महिन्या-दोन महिन्यांनी धारला जायचे. दाजींच्या बायको, काकू, पोहे करायच्या आणि दाजी माझ्या नव्या कंपनीबद्दल संशयानं भरलेले प्रश्न विचारायचे. मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि त्यांना इंदूरला आणलं. शस्त्रक्रिया करायची ठरली. डॉक्टरांशी त्यांनी इतका वाद घातला की वॉर्डातले दुसरे रुग्ण उठून बसले. चाकू कुठला, गुंगी कोण देणार, त्यानं सकाळपासून किती जणांना दिली. डॉक्टर भले होते, उत्तरं देत राहिले.

मग संमतीपत्र आलं. पानंच्या पानं, सगळं इंग्रजीत. त्यांच्या मुलीनं हिंदीत सांगायला सुरुवात केली. दाजींनी हात वर करून तिला थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. त्यांच्या आवाजात आता फार जोर नव्हता.

"तू वाचलंस?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं. एक ओळ कळली नव्हती. ती डॉक्टरांना विचारून आले."

त्यांनी पेन घेतलं. मी पान त्यांच्यासमोर धरलं. मला वाटलं, आता चष्मा मागतील, बोट ठेवून एकेक ओळ विचारतील. लाइटच्या बिलाचा मागचा भागसुद्धा वाचल्याशिवाय न सोडणारा हा माणूस. त्यांनी पानाकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहत सही केली. दिगंबर साळुंके, मराठीत, जरा तिरकी.

शस्त्रक्रिया नीट झाली असं डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी गेले.

त्या संमतीपत्राची एक प्रत काकूंनी मला दिली. मी ती अधूनमधून काढते आणि पहिल्या ओळीपासून वाचते, माझ्या नजरेतून काही सुटलं होतं का ते पाहायला. अजून तरी काही सापडलेलं नाही.